जाड तेल, पातळ तेल

गाडीत कुठलं इंजिन ऑइल टाकायचं, याचं उत्तर मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. तरी मी बरेच दिवस ते ठरवत बसले, कारण ठरवून टाकलं असतं तर बाबांचे फोन थांबले असते.

मी पालेगावच्या एका टॉवरमध्ये एकटी राहते. लग्न केलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याचं अर्धं लक्ष तिकडेच राहतं. नोकरी आनंदनगरला, रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये. रंग जाड झाला की पातळ, हे बघायचा मला पगार मिळतो. तळाला भोक असलेला एक कप असतो, त्यात रंग भरायचा, बोट काढायचं आणि तो किती वेळात गळून जातो ते मोजायचं. दिवसभर हेच. संध्याकाळी घरी येऊन कुलूप उघडलं की आतून कोणी "आलीस का?" म्हणत नाही, आणि इतक्या वर्षांनंतरही दार उघडताना मी क्षणभर थांबते. सवय होते म्हणतात लोक. मला तरी झालेली नाही.

बाबा बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या वाटेवर, आमच्या गावच्या घरात राहतात. तेही एकटेच. पावसाळ्यात भाताची थोडी शेती आणि उरलेलं आयुष्य टेम्पो, असा त्यांचा हिशेब होता. एमआयडीसीतला माल भरून ते कुठे कुठे जायचे आणि परत आले की अंगणात टेम्पोखाली शिरायचे. मी त्यांना लहानपणी पाहिलं ते बहुतेक चपलांच्या बाजूने. चाकांच्या मधून दोन पाय बाहेर आलेले असायचे आणि त्या पायांशी बोलायचं.

घरात बोलायचं काम आईकडे होतं. बाबांना मला काही सांगायचं असलं तर ते आईला सांगायचे, आणि मला त्यांना काही विचारायचं असलं तरी मी आईलाच विचारायचे. तिघंही एकाच खोलीत बसलेले असलो तरी असंच. "तिला म्हणावं, उशीर नको करू." "त्यांना सांग, बस चुकली." आई वैतागायची, "मी काय पोस्टमन आहे का तुमची?" म्हणायची आणि निरोप पोचवायची. ती गेली तेव्हा लक्षात आलं, की बाबांशी थेट कसं बोलतात हे मी शिकलेच नव्हते. त्यांनाही येत नव्हतं. दहावं-तेरावं उरकल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो आणि दोघंही तिच्या रिकाम्या जागेकडे बघत होतो, आता तरी ती काहीतरी बोलेल म्हणून.

मग त्या उन्हाळ्यात माझ्या जुन्या गाडीतून तेल गळायला लागलं. अंगणात काळा डाग बघून बाबा आत गेले, गोणपाट घेऊन आले आणि गाडीखाली शिरले. खालून आवाज आला, "बाराचा पाना दे." मी दिला. "हा नाय गं, रिंगचा." मग आम्ही बोलायला लागलो. बोल्ट कोणी एवढा आवळला, तुमच्या सोसायटीत पाणी येतं का, आईचा चष्मा कुठं ठेवलायस, सगळं त्या गाडीखालून. तोंडं दिसत नव्हती म्हणून जमलं असेल. मी उकिडवी बसले होते, पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि फार दिवसांनी मला बरं वाटत होतं.

तेव्हापासून सर्व्हिसिंग गॅरेजमध्ये करायचं मी सोडलं. आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये गाडीचं काही काम काढलं की सेक्रेटरी जिन्यातूनच हाका मारतो, त्यामुळे गावाला नेण्याला कारणही तयार होतं. ऑइल बदलायचं म्हणून जायचं, फिल्टर साफ करायचा म्हणून जायचं, खडखड येते म्हणून जायचं. खडखड नसली तरी येते म्हणायचं. बाबांना गाडीखाली जायला आवडतं आणि ते खाली गेले की माझ्याशी बोलतात, एवढं मला कळलं होतं. नुसतंच भेटायला गेले तर आम्ही एकमेकांसमोर बसून काय करणार?

मग जुनी गाडी दम तोडायला लागली आणि मी सेकंडहँड हायब्रिड घेतली. बदली होऊन गेलेल्या एका ऑफिसरची होती. पेट्रोलवर चालते आणि मधेच बॅटरीवर जाते. हळू चालवली तर अजिबात आवाज करत नाही. आमचा वॉचमन पहिल्या दिवशी दचकून म्हणाला, "मॅडम, हॉर्न मारत जा, ये गाडी तो भूत की तरह आती है." मला गाडी आवडली. फक्त एकच धाकधूक होती. या गाडीला बाबा हात लावतील का?

म्हणून वर्षभराने ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा मी त्यांना फोन करून विचारलं, "कुठलं टाकू?"

"वीस-पन्नास टाक," बाबा लगेच म्हणाले. "जुनी गाडी हाय ना? मग जाडच पायजे. आवाज बसतो."

"हिला आवाजच नाही, बाबा."

"आज नाय. उद्या येईल."

गाडीच्या पुस्तकात झिरो-ट्वेंटी लिहिलं होतं, म्हणजे अगदी पातळ. त्याला कारणही होतं. या गाडीचं इंजिन रस्त्यात सारखं बंद होतं आणि पुन्हा सुरू होतं. दर वेळी तेल झटकन वरपर्यंत पोचायला हवं, आणि जाड तेल झटकन कुठं पोचत नाही. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण मी फोनवर म्हटलं, "बघते. विचार करते."

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. आई असतानाही ज्यांनी कधी स्वतःहून फोन लावला नाही, त्यांचा. "काय ठरलं गं तेलाचं?" मी म्हटलं, अजून काही नाही. मग त्यांनी मला एका टेम्पोची गोष्ट सांगितली, ज्यात कुणीतरी पातळ तेल टाकलं आणि तो घाटात बसला. दोन दिवसांनी पुन्हा फोन. गावात एकाचा पोरगा गॅरेजात कामाला आहे, त्यालाही विचारून आले होते. मी लॅबच्या बाहेर, पॅसेजमध्ये उभी राहून हे ऐकायचे आणि हसू आवरायचे. बरोबरच्या मुलीने एकदा विचारलंसुद्धा, "कोणाचा एवढा फोन येतो हो मॅडम हल्ली?" मी म्हटलं, "तेलवाल्याचा."

असं किती ताणणार? गाडीतलं तेल काळं झालं होतं. एका सुट्टीच्या दिवशी मी उल्हासनगरला गेले. स्पेअर पार्ट्सची दुकानं तिथं एकाला एक लागून आहेत. एका दुकानात मी झिरो-ट्वेंटी मागितलं तेव्हा मालकाने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"दीदी, ये तो पानी है, पानी. गाडी किती जुनी आहे? थोडा गाढा डालो."

"पुस्तकात हेच लिहिलंय."

"पुस्तक जापान में लिखा. इधर की गर्मी उसको क्या मालूम?" मग डबा काढता काढता त्याने विचारलं, "टाकणार कोण? मेकॅनिक?"

"माझे बाबा."

"अरे, फिर बाबाको पूछो ना! मला काय विचारता?"

त्याने जाड तेलाचाही डबा काढून समोर ठेवला, आणि मी काउंटरपाशी दोन्ही डबे हातात घेऊन उभी राहिले. एका हातात जाड, दुसऱ्या हातात पातळ. जाड नेलं तर बाबा खूष होतील, आणि गाडी काही दुसऱ्याच दिवशी मोडणार नाही, हेही मला माहीत होतं. थोडं पेट्रोल जास्त खाईल, सकाळी सुरू होताना जरा कुरकुरेल. माणसाच्या समाधानासाठी लोक याहून मोठं नुकसान सोसतात. पण दिवसभर ज्या बाईला जाड-पातळ बघायचा पगार मिळतो तिने जाणूनबुजून चुकीचं तेल न्यायचं, हे काही मला जमेना. माझा स्वभावच असा वाकडा आहे. मी पातळ घेतलं, आणि गाडीत बसल्यावर मला वाटलं, आता हे त्यांना सांगायचं कसं?

रविवारी सकाळी गावी पोचले तेव्हा बाबांनी सगळी तयारी करून ठेवली होती. टेम्पोच्या वेळचे दोन लाकडी ओंडके, चाक चढावं म्हणून एका बाजूने उतार काढलेले, अंगणात मांडले होते. मी पुढची चाकं हळूच त्यावर चढवली. बाबा समोरून हातवारे करत होते, "ये, ये, ये, बास!" उन्हं चढली होती म्हणून मी एसी लावूनच आले होते.

डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकण उघडलं, थेंबभर तेल अंगठा आणि बोटात चोळलं, वास घेतला.

"हे तेल की रॉकेल?"

मी पुस्तक दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही. मग बॉनेट उघडून तेल ओतायच्या भोकावरचं झाकण दाखवलं, त्याच्यावरही तेच कोरलं होतं. त्यांनी वाकून बघितलं. चष्मा नव्हता, त्यामुळे दिसलं नसणार. मी भांडणाच्या तयारीत होते. लॅबमधलं सगळं पाठ करून आले होते. पण ते भांडलेच नाहीत.

"टाक मग," ते म्हणाले. "तुझी गाडी."

मला फार लागलं ते. एवढे दिवस ती फोनवर आमच्या दोघांची गाडी होती.

"दोन मिनिटं चालू राऊ दे इंजिन," ते गोणपाट अंथरत म्हणाले. "गरम असलं का सगळं तेल उतरतं." मी गाडी एसीसकट चालूच ठेवली आणि घमेलं आणायला घरामागे गेले. घमेलं सापडेना. कोंबड्यांच्या खाद्याखाली निघालं. ते रिकामं करून, पुसून घेऊन आले तर इंजिनाचा आवाज नव्हता, आणि बाबा माझ्याकडे हात पुढे करून उभे होते. "चावी दे."

बाबांचा एक नियम आहे. गाडीखाली जो जाणार त्याच्या खिशात चावी. टेम्पोवर असताना त्यांच्यासमोर कुठेतरी काहीतरी घडलं होतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण नियम कधी मोडला नाही. चावी आपल्या खिशात असली की वर बसलेला कुणी शहाणा गाडी सुरू करू शकत नाही. मी चावी दिली. त्यांनी ती शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली, खिसा एकदा चाचपला आणि खाली शिरले.

त्यांना वाटलं गाडी मी जाताना बंद केली. मला वाटलं त्यांनी केली. दोघांनीही केली नव्हती. इंजिन गरम होतं, बॅटरी भरलेली होती, म्हणून ते आपलं आपण थांबलं होतं; गाडी चालूच होती. या गाडीला चावी लावून फिरवायची नसते, ती जवळपास असली की पुरे. बाबांच्या खिशातल्या चावीने काही अडणार नव्हतं. वर्षभर ती गाडी चालवून मला हे सगळं पाठ होतं. पण त्या अंगणात, त्या पायांशेजारी उकिडवी बसल्यावर मी लॅबवाली उरत नाही.

"सतराचा दे," खालून आवाज आला. मी दिला. बोल्ट सुटला, तेल घमेल्यात पडायला लागलं.

"सोसायटीत पाणी येतं का आता?"

"येतं. पण गढूळ."

"तुरटी फिरवत जा."

मी म्हटलं, बरं. मला वाटलं, झालं, सगळं पहिल्यासारखं झालं. तेवढ्यात इंजिन सुरू झालं.

एसीने बॅटरी ओढली असणार, आणि ती उतरली की इंजिन आपलं आपण सुरू होतं. कुणी हात न लावता, कुणी आत नसताना, गाडी थरथरली आणि बाबांच्या तोंडावर ते इंजिन धडधडायला लागलं. खालून जो आवाज आला तो मी बाबांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पाय झाडले गेले, घमेलं उलटलं. मी दार उघडून आत झेपावले आणि बटण दाबलं. बंद झालं. काही सेकंदांचंच काम, पण मला अजून स्वप्नात ते बटण सापडत नाही.

बाबा सरपटत बाहेर आले. कपाळाला खोक पडली होती, मनगटावर गरम तेल सांडलं होतं, शर्ट काळा झाला होता. मी रडत होते आणि त्यांच्यावरच ओरडत होते, "बघायचं नाही का आधी!" जणू चूक त्यांचीच. त्यांनी खिशातून चावी काढली आणि तिच्याकडे बघत राहिले.

"माझ्याकडंच व्हती गं," ते म्हणाले. "माझ्याच खिशात व्हती."

शहात्तर वर्षांचा माणूस, शाळेत पकडलेल्या पोरासारखं तोंड करून उभा होता. मी हात धुवायला पाणी दिलं, मनगटावर मलम लावलं, कपाळाला हळद दाबली. ते ओट्यावर बसले. मी एकटीच गाडीखाली गेले, बोल्ट बसवला, फिल्टर बदलला, आणि ते पातळ तेल ओतलं. निम्मं नरसाळ्याबाहेर जात होतं. त्यांनी एकदाही "असं नाय, तसं" म्हटलं नाही. मी मुद्दाम चुकीचा पाना उचलला, तरी नाही. ते भलतीकडेच बघत होते.

सगळं उरकून मी ओट्याशी आले तेव्हा ते म्हणाले, "यापुढं गॅरेजला नेत जा. आपल्याला नाय जमत ही असली गाडी."

त्या वाक्याचीच मला वर्षभर भीती होती.

"गॅरेजला नेली तर मग मी इथं कशाला येऊ?" मी म्हटलं. तोंडातून निघाल्यावर कळलं, किती वाईट ऐकू येतंय ते. मला म्हणायचं होतं वेगळंच. मला म्हणायचं होतं, की मग मी काय निमित्त सांगून येऊ. पण आई नव्हती, त्यामुळे जे निघालं तेच पोचलं.

बाबांनी मान हलवली, जणू त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं.

"तेच," ते म्हणाले. "म्हणून तं जात व्हतो खाली. गुडघं वाकत नाय दोन वर्सं झाली. खांदा वर होत नाय. रात्रभर कळा मारतात मग. पण म्हटलं, गाडीसाटी का होईना, येते पोरगी."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना गाडीखाली जायला आवडतं म्हणून मी नसलेली खडखड घेऊन येत होते. आणि मला गाडीचंच काम असतं म्हणून ते दुखरं अंग घेऊन गोणपाटावर आडवे होत होते. फोनवर ते जाड तेलासाठी एवढे का भांडत होते, तेही मला आत्ता उमजलं. तेल ठरलं असतं तर त्यांच्याकडेही फोन करायला काही उरलं नसतं.

"बाबा, मला गाडीचं काही नव्हतं हो," मी म्हटलं. "मी तुमच्यासाठी यायचे."

हे एवढं साधं वाक्य बोलायला मला इतकी वर्षं लागली. वाटलं, आता काहीतरी होईल. ते जवळ घेतील, निदान डोक्यावर हात ठेवतील.

त्यांनी तसं काही केलं नाही. ते खाली मान घालून मनगटावरचं मलम बघत राहिले आणि मी भिंतीला टेकून त्यांच्याशेजारी बसले. आमच्यामध्ये आता तेल नव्हतं, पाना नव्हता, निरोप पोचवणारी आई नव्हती. बोलायला पुष्कळ होतं. कुठून सुरुवात करतात, तेवढं फक्त दोघांनाही माहीत नव्हतं.